दिल्लीची शीव

गांवाची शीव म्हणजे काय हें महाराष्ट्रांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. शिवेवरचा दगड, वेशींतला मारुति, घरांची पांढरी आणि शेतांची काळी, हा भेद खेड्यांतल्या लहान पोरासहि ठाऊक असतो. शहरास मात्र शीव असते याची आठवण शहरांत राहणाऱ्या माणसास सहसा होत नाहीं. घरपट्टीचा आंकडा फुगून आला, नळ कोरडा पडला, किंवा दारापुढचा कचरा आठ दिवस कोणीं उचलला नाहीं, म्हणजे मग आपण नक्की कोणाच्या हद्दींत राहतों याची विचारपूस सुरू होते. आणि तेव्हां असें ध्यानांत येतें कीं, कोठल्याशा कचेरींतल्या नकाशावर ओढलेल्या एका रेघेनें आपल्या घरांतलें पाणी, आपल्या घराची किंमत आणि आपलें मत यांचा निकाल आधींच लावून ठेवला आहे.

आज दिल्लीविषयीं बोलावयाचें आहे तें या रेघेच्या अनुरोधानें. कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर यांचीं वर्णनें आपण पुष्कळ वाचलीं आहेत, आणि आपल्यांपैकीं अनेकांनीं तीं स्थळें डोळ्यांनीं पाहिलींहि असतील. त्या इमारती जागच्या जागीं उभ्या आहेत. हालत राहिली ती दिल्लीची हद्द. आणि माझें म्हणणें असें आहे कीं, दिल्लीच्या सामान्य गृहस्थाच्या संसारावर जितका परिणाम या हालत्या रेघेनें केला तितका कोणत्याहि बादशहाच्या इमारतीनें केला नाहीं.

शहाजहान बादशहानें १६३९ सालीं यमुनेच्या कांठीं किल्ल्याचा पाया घातला, आणि १६४८ सालीं तो तेथें राहावयास आला. त्यानें वसविलेल्या शहाजहानाबादेस दगडी तट होता, आणि तटाच्या कित्येक दरवाजांस बाहेरची वाट ज्या गांवीं जाई त्याचें नांव होतें: काश्मिरी, लाहोरी, अजमेरी. एकाचें नांव दिल्ली दरवाजा. दिल्लीलाच दिल्ली दरवाजा कसा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, शहाजहानाबाद हें त्या काळचें नवें शहर होतें, आणि दिल्ली म्हणजे त्याच्या दक्षिणेस विखुरलेले मागल्या राजवटींच्या नगरांचे अवशेष. म्हणजे शिवेचा हा घोळ आजचा नव्हे.

तटाची शीव मोठी सोपी असते. आंत तें शहर, बाहेर तें रान. या बाहेरच्या रानाशीं मराठी माणसाचीहि जुनी ओळख आहे. थोरले बाजीराव १७३७ सालीं अचानक दिल्लीवर येऊन धडकले तेव्हां चकमक झाली ती तालकटोऱ्याच्या आसपास. तीच जागा आज नव्या दिल्लीच्या ऐन मध्यांत, झाडींनीं झांकलेल्या रुंद रस्त्यांमध्यें आहे. बाजीरावांच्या वेळीं ती वेशीबाहेरची होती.

१८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धांत दिल्ली पडल्यावर इंग्रजांनीं किल्ल्याभोंवतालची दाट वस्ती पाडून शेंकडों यार्डांचें मैदान मोकळें केलें, आणि १८५८ सालीं दिल्लीचा मुलूख वायव्य प्रांतांतून काढून पंजाबास जोडला. काल बादशहाची राजधानी होती, आज लाहोरच्या ताब्यांतलें जिल्ह्याचें गांव झालें. नगरपालिका आली ती १८६३ सालीं. तिची कचेरी चांदणी चौकांतल्या टाउन हॉलांत बसली आणि शंभरांहून अधिक वर्षें तेथेंच राहिली. १८६७ सालीं आगगाडी आली तीहि तटाबाहेर थांबली नाहीं. किल्ल्याला लागून ती शहराच्या आंत शिरली आणि शहराचे दोन तुकडे करून गेली.

१९११ च्या डिसेंबरांत पंचम जॉर्ज बादशहांनीं दरबार भरवून राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा केली. कोनशिला बसविल्या त्या शहराच्या उत्तरेस, दरबाराच्या तळाजवळ. पुढें तज्ज्ञांनीं ती जागा नापसंत केली आणि दक्षिणेकडील रायसीना टेकडी पसंत पडली. राजाच्या हातच्या कोनशिलांनाहि मुक्काम हालवावा लागला. मग रायसीना आणि मालचा यांसारख्या खेड्यांतल्या रहिवाशांस कोण विचारतो? त्यांच्या जमिनी १८९४ च्या कायद्याखालीं सरकारनें घेतल्या. १९१२ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस दिल्लीचा निराळा प्रांत झाला, पण तो फार लहान वाटूं लागला. तोंपर्यंत पूर्वेकडील शीव म्हणजे यमुना नदी. नदीसारखी पक्की शीव दुसरी नाहीं असें आपण समजतों. परंतु १९१५ सालीं संयुक्त प्रांताच्या मीरत जिल्ह्यांतलीं ६५ गांवें दिल्लीस जोडण्यांत आलीं, आणि नदी शिवेवरून उठून शहराच्या अंगणांत आली. १८०३ च्या सप्टेंबरांत शिंद्यांच्या कवायती फौजेचा आणि जनरल लेकचा सामना झाला तो नदीपलीकडे पटपडगंजच्या माळावर. इतिहास त्या लढाईस दिल्लीची लढाई म्हणतो. पटपडगंज प्रत्यक्ष दिल्लीच्या हद्दींत आलें तें त्यानंतर शंभरांवर वर्षांनीं, या १९१५ च्या रेघेनें.

नव्या दिल्लीचें बांधकाम पाहण्यासाठीं १९१३ सालीं जी समिति नेमली होती तिच्यांतून नव्या दिल्लीची स्वतंत्र नगरसमिति निघाली. शहरास नवी दिल्ली हें नांव १९२७ सालीं मिळालें आणि १९३१ च्या फेब्रुवारींत उद्घाटनाचे समारंभ झाले. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. हें नवें शहर जुन्या दिल्लीच्या नगरपालिकेंत कधींच घातलें गेलें नाहीं. जमीन सरकारची, बंगले सरकारचे, सभासदहि सरकारनें नेमलेले. लुटेन्सच्या आराखड्यांत पार्लमेंट स्ट्रीटचा रोख कॅनॉट प्लेसवरून थेट जामा मशिदीकडे धरलेला आहे. नकाशांत दोन्ही शहरें एका सरळ रेषेनें जोडलेलीं. जमिनीवर त्या रेषेच्या वाटेंत रेल्वे, तट आणि दाट मोहल्ले आले, आणि रस्ता कॅनॉट प्लेसपाशींच थांबला. जुन्या शहरांतली गर्दी कमी करण्यासाठीं १९३७ सालीं एक सुधारणा-मंडळ निघालें, त्यानें थोडें कांहीं केलेंहि. परंतु एका हद्दींत फुलबाग आणि दुसऱ्या हद्दींत दाटी, ही मूळ मांडणी मंडळाच्या हातची नव्हती. पुढें अजमेरी दरवाजा व दिल्ली दरवाजा यांच्यामधला तट पाडून त्या जागीं असफअली रस्ता झाला. त्या रस्त्यावरच्या कचेऱ्यांची ओळ पाहा. तोंड नव्या दिल्लीकडे आणि पाठ जुन्या शहराकडे करून ती उभी आहे. तट गेला, पण त्याचें काम त्या इमारतींनीं चालूच ठेवलें!

१९४१ च्या खानेसुमारींत दिल्ली प्रांताची वस्ती ९ लक्ष १८ हजार होती. १९५१ सालीं ती १७ लक्ष ४४ हजार झाली. मध्यें फाळणी झाली होती. पुष्कळ मुसलमान कुटुंबें शहर सोडून गेलीं आणि पश्चिम पंजाबांतून त्याहून अधिक निर्वासित आले. पुराना किल्ला, हुमायूनची कबर, किंग्जवे कॅम्प अशा ठिकाणीं छावण्या पडल्या, आणि मग राजेंद्रनगर, पटेलनगर, लजपतनगर अशा वसाहती उठल्या. शहर हें असें वाढत असतां कारभार मात्र तुकड्यातुकड्यांचा. दिल्लीची नगरपालिका एक, नव्या दिल्लीची दुसरी, शहादऱ्याची तिसरी. पश्चिम दिल्लीस एक, दक्षिण दिल्लीस एक. सिव्हिल लाइन्स, मेहरौली, नजफगड, नरेला यांस निरनिराळ्या समित्या. खेड्यांना जिल्हा बोर्ड, आणि लष्कराची छावणी वेगळीच. फार काय, एकट्या लाल किल्ल्यासहि एक स्वतंत्र समिति होती.

कागदावरच्या हद्दी पाण्यास समजत नाहींत. याचा जो धडा दिल्लीस १९५५ सालीं मिळाला तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. शहराचें पिण्याचें पाणी यमुनेंतून वजिराबाद येथें उपसलें जात असे. त्या ठिकाणापासून थोडें खालच्या अंगास नजफगडचा नाला नदीस मिळतो, आणि पश्चिमेकडच्या वाढत्या वस्तीची घाण तो घेऊन येतो. उपसा वर आणि नाला खालीं, तेव्हां भय नाहीं, असा हिशेब होता. आणि नदी आपल्या पात्रांत वाहत होती तोंवर तो बरोबरहि होता. परंतु त्या वर्षीं पावसाळ्याच्या शेवटीं मोठा पूर आला, आणि पूर ओसरल्यावर नदीची धार उपशाच्या जागेपासून दूर सरकली. नाल्याचें पाणी खालीं वाहून जावयाचें तें तुंबून उलटें वर चढलें आणि नळांत शिरलें.

पाणी बिघडल्याचें कामगारांच्या ध्यानांत आलें, आणि त्यांनीं तुरटी व क्लोरीन यांचें प्रमाण वाढविलें. त्यामुळें विषमज्वर आणि आमांश यांची सांथ आली नाहीं. पण दुसरें एक सूक्ष्म विष त्या क्लोरीनला दाद न देतां घराघरांत पोहोंचलें, आणि डिसेंबर ते जानेवारी या थोड्या काळांत सुमारें २९ हजार माणसें काविळीनें पिवळीं पडलीं. या रोगाचा विशेष असा कीं, गरोदर स्त्रियांस तो फार घातक ठरतो. काविळीचा हा कोणता प्रकार, याचा उलगडा होण्यास पंचवीस वर्षें लागलीं. त्या सांथीच्या वेळीं जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांची तपासणी होऊन १९८० सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत आपल्या पुण्याच्या विषाणुसंस्थेच्या शास्त्रज्ञांचा वांटा होता. हा नेहमींच्या काविळीहून निराळा विषाणु आहे असें त्यांतून दिसून आलें. आज त्याला हिपेटायटिस ई असें नांव आहे.

या सांथीचा सगळा दोष हद्दींवर घालणें न्यायाचें होणार नाहीं. पूर कोणीं बोलाविला नव्हता. पण नाला कोठून येतो, त्यांत किती घाण सोडली जाते, आणि तो जेथें नदीस मिळतो त्याच्या वर कोण पाणी पितो, या तीन प्रश्नांकडे एकत्र पाहणारा डोळा त्या खंडीभर समित्यांमध्यें कोठें होता? १९५७ सालीं संसदेनें कायदा केला, आणि १९५८ च्या एप्रिलच्या सातव्या तारखेस यांपैकीं बहुतेक संस्था मोडून दिल्ली महानगरपालिका झाली. तिच्या पहिल्या महापौर अरुणा असफअली. ज्यांच्या नांवाचा रस्ता तटाच्या जागीं झाला त्या असफअलींच्या या पत्नी. मात्र नवी दिल्ली आणि छावणी या दोन हद्दी तेव्हांहि बाहेरच राहिल्या. आज दिल्लीचें एकंदर क्षेत्र १,४८३ चौरस किलोमीटर आहे. त्यांत नव्या दिल्लीच्या परिषदेकडे ४२.७, म्हणजे शेंकडा तीनहि नाहीं. राष्ट्रपति भवन, संसद आणि मंत्र्यांचे बंगले याच शेंकडा तिनांत येतात. तेथें निवडलेला नगरसेवक आजहि नाहीं. राजधानीच्या रस्त्यांचीं छायाचित्रें आपण पाहतों तीं याच एवढ्याशा भागाचीं असतात, हें आपण लक्षांत ठेवलेलें बरें.

आतां पांढरी आणि काळी यांकडे येऊं. दिल्लीच्या मुलखांत १९०८ च्या सुमारास जमाबंदी झाली तेव्हां प्रत्येक खेड्याच्या नकाशावर घरांच्या वस्तीभोंवतीं तांबड्या शाईनें एक रेघ काढण्यांत आली. तिला लोक लाल डोरा म्हणतात. डोऱ्याच्या आंत तें वस्तीचें ठिकाण, सारामाफ. बाहेर तीं शेतें, त्यांजवर सारा. म्हणजे आपली पांढरी आणि आपली काळीच. आंतील घरांची नोंद एकेका मालकाच्या नांवानें करण्याचें प्रयोजन त्या अंमलदारांस वाटलें नाहीं, कारण तेथून वसूल कांहींच व्हावयाचा नव्हता.

पुढें राजधानी वाढली. शेतें एकामागून एक सरकारनें घेतलीं आणि त्यांवर आंखीव वसाहती, महाविद्यालयें, उद्यानें झालीं. काळी गेली, पांढरी मात्र शिल्लक राहिली. १९६३ सालीं या तांबड्या रेघेच्या आंतल्या घरांस बांधकामाच्या नियमांतून सूट मिळाली. शेतकऱ्यांस आपलें घर आपल्या रीतीनें बांधतां यावें हा हेतु चांगला होता. परंतु ज्याची जमीन गेली त्यानें पोट भरावें कशावर? त्याच्यापाशीं उरलें होतें तें एवढें घर. त्यानें त्यावर मजला चढविला, मग दुसरा, मग तिसरा, आणि खोल्या भाड्यानें दिल्या. मुनीरका, शाहपूर जाट, कोटला मुबारकपूर, खिडकी अशा गांवांतून आज हिंडतांना दोन्ही बाजूंच्या सज्जांमधून आकाशाची एक चिंधी तेवढी दिसते. आग विझविण्याचा बंब या गल्ल्यांत शिरूं शकत नाहीं. पण परगांवाहून आलेला विद्यार्थी, शिंपी, भरतकाम करणारा कारागीर, रुग्णालयांतली परिचारिका यांस परवडेल अशी खोली दिल्लींत मिळते ती येथेंच. शाहपूर जाट तर अल्लाउद्दिन खिलजीच्या सिरी नगराच्या पडक्या तटाला बिलगून वसलेलें. एका राजाचा तट पडला, दुसऱ्या राजाच्या अंमलदाराची तांबडी रेघ मात्र अजून शाबूत आहे. मला विचाराल तर दिल्लींतली सर्वांत टिकाऊ भिंत तीच.

लाल डोऱ्यांतल्या माणसास निदान वडिलार्जित घर तरी आहे. ज्यांनीं शेतकऱ्याकडून साध्या कागदावर तुकडा विकत घेऊन घर बांधलें, त्यांच्या वसाहती नकाशावर नाहींतच. वस्ती आहे, दुकानें आहेत, वीजहि आली आहे, मतपेट्या तर नेमानें येतात. पण घर तारण ठेवून कर्ज काढावें म्हटलें तर बँक दारांत उभें करीत नाहीं. अशा १,७३१ वसाहतींतल्या रहिवाशांस मालकीहक्क देण्यासाठीं २०१९ सालीं संसदेस निराळा कायदा करावा लागला. घरें आधीं आणि कायदा मागून, हा दिल्लीचा जुनाच परिपाठ आहे.

हद्द मोडून जोडण्याचे प्रयोग अलीकडेहि झाले. २०१२ सालीं महानगरपालिकेचे उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन भाग केले. दक्षिणेस श्रीमंत वसाहती, म्हणून घरपट्टीचें उत्पन्न भरपूर. यमुनेपलीकडच्या पूर्वेस गरिबांची दाटी, म्हणून तिजोरी रिकामी. पूर्वेच्या झाडूवाल्यांचे पगार महिनेमहिने थकले, आणि २०१५ च्या जूनमध्यें संप होऊन भर रस्त्यांत कचऱ्याचे ढीग पडले. अखेर २०२२ च्या मे महिन्यांत तिन्ही भाग पुन्हा एक करण्यांत आले आणि प्रभागांची संख्या २७२ वरून २५० वर आणली. रस्त्यांपुरती तर आणखी एक गंमत आहे. २०१२ पासून साठ फुटांहून रुंद रस्ते सरकारच्या बांधकाम खात्याकडे गेले आणि अरुंद रस्ते महानगरपालिकेकडे राहिले. तेव्हां मोठ्या रस्त्यावरून गल्लींत वळतांना जो खड्डा लागतो तो कोणाचा, हें ठरविण्यास फूटपट्टी घेऊन जावें लागतें.

आज दिल्ली आपल्या हद्दींत मावत नाहीं. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगांव हीं शहरें तिला अशीं चिकटलीं आहेत कीं, रस्त्यानें जातांना राज्य केव्हां बदललें तें फलक वाचल्यावांचून कळत नाहीं. तिचें पाणीहि पुष्कळसें बाहेरून येतें. २०१६ च्या फेब्रुवारींत हरियाणांत आंदोलकांनीं मुनकचा कालवा बंद पाडला तेव्हां दिल्लीच्या मोठ्या भागाचे नळ कोरडे पडले. आणि २०२० सालीं, करोनाच्या सांथींत, शेजारच्या राज्यांनीं आपापल्या बाजूनें रस्ते अडविले. दिल्लीच्या रुग्णालयांत काम करणारे पण गाझियाबादेस किंवा गुडगांवास राहणारे डॉक्टर आणि परिचारिका नाक्यावर अडकून पडूं लागल्या. तिन्ही राज्यांनीं मिळून ये-जा करण्याचें एकच धोरण ठरवावें, असें जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें.

त्याच्या आधीं, मार्चच्या अखेरीस, टाळेबंदीनें मजुरी बुडालेलीं हजारों माणसें पोरांबाळांसह आनंद विहारच्या बसतळापाशीं येऊन उभीं होतीं. आनंद विहार पटपडगंजच्याच बाजूस आहे. मीरतचीं ६५ गांवें घेतलीं तेव्हांची रेघ तेथून हांकेच्या अंतरावर जाते. हीं माणसें वर्षानुवर्षें दिल्लींत राबत होतीं, दिल्लीच्याच कोठल्याशा लाल डोऱ्यांत किंवा नकाशाबाहेरच्या वसाहतींत भाडें भरीत होतीं. डोक्यावर गांठोडें घेऊन तीं वाट पाहत होतीं ती रेघेपलीकडच्या राज्याच्या बसची.